पाण्याची पारख करणारा कीटक

मधमाशी, मुंगी आणि कोळी यांच्या नावाच्या सूरह कुरआनात आहेत. लहान जिवाकडेही विचारपूर्वक पाहण्याची सवय आपल्याला तिथूनच लागते. या वेळी आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत डॉब्सनफ्लाय हा कीटक.

नावात ‘फ्लाय’ असले तरी ही माशी नव्हे. माशीला दोन पंख असतात, याला चार. पूर्वी याला जाळीदार पंखांच्या कीटकांतच गणत. आता त्याचा ‘मेगॅलॉप्टेरा’ म्हणजे मोठ्या पंखांचा वेगळा गण मानतात. या गणात दोन कुळे आहेत. त्यांपैकी ‘कोरिडॅलिडी’ या कुळात डॉब्सनफ्लाय आणि फिशफ्लाय असे दोन गट पडतात. उत्तर अमेरिकेतील प्रसिद्ध जातीचे वर्णन लिनियस यांनी १७५८ मध्ये केले होते. चीनमधील एका जातीच्या पंखांचा विस्तार २१ सेंटीमीटरहून अधिक भरला आहे. आपल्या ईशान्य भारतातील डोंगराळ भागातही या कुळातले कीटक आढळतात.

अमेरिकेतील जातीच्या नराचे जबडे विळ्यासारखे लांब असतात. पाहणारा घाबरतोच! पण त्या जबड्यांत चावण्याइतका जोर नसतो. चावते ती मादी. तिचे जबडे आखूड, पण बळकट असतात.

खरे आयुष्य मात्र पाण्याखाली जाते. मादी ओढ्यावर झुकलेल्या पानांवर किंवा दगडांवर शेकडो अंडी घालते आणि त्यांवर पांढरा लेप चढवते. अळ्या बाहेर पडताच थेट पाण्यात जातात. वाहत्या पाण्यातील दगडांखाली त्या दोन-तीन वर्षे राहतात, इतर कीटकांची शिकार करतात. मग काठावरच्या मातीत कोषावस्था पार पडते. पंख फुटल्यावर आयुष्य उरते जेमतेम काही दिवसांचे.

या अळ्यांना प्राणवायूने भरलेले स्वच्छ पाणी लागते. घाण मिसळली की त्या टिकत नाहीत. म्हणूनच ओढ्याचे आरोग्य तपासताना शास्त्रज्ञ दगड उलटून त्यांचा शोध घेतात. अळ्या दिसेनाशा झाल्या, तर पाण्याकडे लक्ष द्यायला हवे.

वुजूसाठी पाक पाणी लागते, हे आपल्या घरातले मूलही जाणते. पण ते पाणी ज्या ओढ्या-नद्यांतून येते, तिथे आपणच प्लास्टिक, शिळे अन्न, सांडपाणी सोडतो. नळ जपून वापरणे जितके गरजेचे, तितकेच ओढा जपणेही. दगडाखालचा हा मुका जीवही त्याच पाण्यावर जगतो.