‘राग’ आणि ‘दम’ : दोन शब्दांचा अर्थविचार

माटुंग्याच्या बाजारात ‘राग’ हा एकच शब्द तीन अर्थांनी कानी पडू शकतो. तेथील तमिळभाषकाच्या तोंडी तो ‘रागम्’ होतो, आणि त्याला अभिप्रेत असते ते १९५२ साली स्थापन झालेल्या षण्मुखानंद सभेतील गायन. कच्छी किंवा गुजराती जैन श्रावक ‘राग’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात आसक्ती असते. ज्याचा राग गेला तो ‘वीतराग’. मराठी माणसास मात्र राग म्हणजे क्रोध, दुसरे काही सहसा सुचत नाही.

मूळ ‘रञ्ज्’ धातूचा अर्थ रंगणे, तांबडे होणे. त्यावरून मन एखाद्या वस्तूच्या रंगात रंगणे हा अर्थ आला, आणि संस्कृत शास्त्रग्रंथांत प्रामुख्याने तोच रूढ आहे. योगसूत्रांतील पाच क्लेशांत राग आणि द्वेष हे वेगवेगळे मोजले आहेत. मराठीने मनाच्या रंगाऐवजी चेहऱ्याचा रंग पत्करला असावा, असे मानण्यास हरकत नाही.

हा अर्थपालट केवळ कोशकाराच्या कुतूहलाचा विषय नव्हे. सत्यनारायण गोयंका यांनी ब्रह्मदेशातून येऊन जुलै १९६९ मध्ये मुंबईत विपश्यनेचे पहिले दहा दिवसांचे शिबिर घेतले. पुढे १९७६ पासून इगतपुरीस केंद्र सुरू झाले. त्यांच्या हिंदी प्रवचनांत ‘राग-द्वेष’ ही जोडी वारंवार येते. मराठी श्रोता ती ऐकून ‘क्रोध आणि वैर सोडावे’ असा अर्थ सहज लावतो. वस्तुतः तेथे राग म्हणजे हवेहवेसे वाटणे, आणि क्रोध पडतो तो द्वेषाच्या बाजूस. गीतेनेही संगातून काम आणि कामातून क्रोध अशीच परंपरा सांगितली आहे. तेव्हा या श्रोत्याची चूक किरकोळ नाही. तो परिणामालाच कारण समजतो, आणि ज्या हव्यासापोटी क्रोध उपजला तो तसाच राहून जातो.

दुसरा शब्द ‘दम’. हा खरे म्हणजे एक शब्द नसून दोन आहेत. संस्कृत ‘दम’ म्हणजे इंद्रियनिग्रह. मराठीत तो ‘शमदम’ अशा जोडीने, बहुधा विद्वानांच्या लेखणीतच आढळतो. फारसी ‘दम’ म्हणजे श्वास. ‘दम लागणे’, ‘दम कोंडणे’, ‘दम खाणे’ ही सारी त्याचीच प्रजा. ‘दम धर’ या प्रयोगात दोन्ही अर्थ इतके बेमालूम बसतात की संस्कृतज्ञासही तेथे निग्रहाचा भास व्हावा. गंमत अशी, की ‘दम देणे’ आणि ‘दमदाटी’ हे धमकीचे प्रयोगही त्याच घराण्यातील. क्रुद्ध मनुष्य दुसऱ्यास दम देतो. शांत होऊ पाहणारा स्वतः दम धरतो.

तथापि ‘दम धरणे’ याचा अर्थ अक्षरशः श्वास कोंडून ठेवणे असा घेऊ नये. विपश्यनेच्या आरंभी शिकवितात त्या आनापान-साधनेत श्वास नैसर्गिक ठेवून नाकपुड्यांपाशी केवळ न्याहाळावयाचा असतो. प्राणायामात त्याचे नियमन असते. मिनिटाला सुमारे सहा श्वास, त्यातही उच्छ्वास लांब, असा क्रम ठेवल्यास प्राणेशा मज्जातंतूच्या द्वारे हृदयाची गती मंदावते. उच्छ्वासाच्या वेळी नाडी थोडी सावकाश चालते, ही गोष्ट मनगटावर बोट ठेवून कोणासही ताडता येईल. अशा क्रियांची प्रयोगशाळेत मोजणी करण्याचा उपक्रम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून आरंभिला होता.

येथे पुन्हा भाषेकडे वळावे लागते. मराठीत राग ‘गिळतात’, ‘ओकतात’, ‘काढतात’. म्हणजे तो पोटात साठलेला पदार्थ होय. तोच राग ‘ओसरतो’ आणि ‘निवळतो’ही; तेथे तो पुराचे किंवा गढूळ पाणी आहे. पहिल्या कल्पनेनुसार तो बाहेर टाकल्यानेच मोकळे वाटावे. परंतु किएर्विक आणि बुशमन यांनी १५४ अभ्यासांचा एकत्र विचार करून २०२४ मध्ये जो निष्कर्ष मांडला, तो दुसऱ्या कल्पनेस अनुकूल आहे. श्वसन, ध्यान यांसारख्या शरीराची उत्तेजना उतरविणाऱ्या उपायांनी राग कमी होतो. उत्तेजना वाढविणाऱ्या उपायांनी एकंदरीत होत नाही, आणि धावण्याने तर तो काहीसा वाढल्याचेच दिसले.

व्याकरणही याच बाजूचे आहे. ‘राग निवळला’ या वाक्यास दुसऱ्या कोणाची अपेक्षा नाही. ‘राग काढला’ म्हणताच मात्र ‘कोणावर?’ हा प्रश्न उभा राहतो, आणि ‘-वर’ या शब्दयोगी अव्ययापूर्वी येणारे नाम बहुधा घरातल्या मुलाचे किंवा हाताखालच्या माणसाचे असते.