'आत्ता' म्हणजे नेमकं केव्हा?

समजा, मी तुम्हाला एक पोस्टकार्ड लिहिलं: 'आत्ता बरोबर दहा वाजले आहेत, घड्याळ लावून घ्या.' कार्ड तुमच्या हाती पडणार चौथ्या दिवशी. मजकूर खरा, अक्षर स्वच्छ. पण घड्याळ लावायला त्याचा काडीचा उपयोग नाही. संगणक एकमेकांना वेळ कळवतात तेव्हा त्यांची अडचण अशीच असते. कार्ड चार दिवसांऐवजी सेकंदाच्या काही हजाराव्या भागात पोचतं, एवढाच फरक.

संगणकाच्या पोटात क्वार्ट्झचा स्फटिक असतो, आपल्या मनगटी घड्याळात असतो तसाच. ऊन-थंडीनं त्याची चाल बदलते. दहा लाखांत वीस, एवढाच फरक पडला तरी दिवसाला पावणेदोन सेकंद चुकतात. म्हणून संगणक नेटवर्कवरून वेळ विचारत राहतात. ही पद्धत डेव्हिड मिल्स या अमेरिकन प्राध्यापकांनी 1985च्या सुमारास घडवली. निरोपाला जायला-यायला लागलेला वेळ मोजायचा आणि त्याचा निम्मा हिशेबात धरायचा. पण जाण्याची वाट मोकळी आणि येण्याची गर्दीची असेल, तर हा निम्म्याचा हिशेब फसतो. तरीही चूक सहसा काही मिलिसेकंदांचीच. रेल्वेचं तिकीट काढायला तेवढं पुष्कळ झालं.

विजेला मात्र ते चालत नाही. 14 ऑगस्ट 2003 रोजी अमेरिकेची आठ राज्यं आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत अंधारात गेला. सुमारे 5 कोटी माणसं. ओहायोत वीजवाहिन्या वाढलेल्या झाडांना टेकल्या, एकीचा भार दुसरीवर गेला आणि दुपारी चारनंतरच्या काही मिनिटांत 265 वीजकेंद्रं बंद पडली. आधी काय पडलं आणि नंतर काय, हे शोधायला चौकशी करणारे बसले तेव्हा नोंदी हजारोंनी होत्या, पण कितीतरी यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती. कारण कोणतं आणि परिणाम कोणता, हे ठरवायचं कसं? त्या नोंदी एका रांगेत लावण्यात बरेच श्रम गेले. नोंद करणारी यंत्रं एका वेळेला बांधलेली असली पाहिजेत, अशी शिफारस अहवालात स्पष्ट आहे.

मी कवितेतला माणूस. पण माझा भाचा विजेच्या उपकेंद्रात काम करतो आणि घरी टेबलावर त्याचे उद्योग चालू असतात. एकदा त्यानं काडेपेटीएवढा जीपीएसचा संच एका छोट्या संगणकाला जोडून दाखवला. संचातून दोन तारा निघाल्या होत्या. एका तारेवरून अक्षरं येतात: तारीख, वेळ, ठिकाण. जुन्या संचांचा वेग सेकंदाला 480 अक्षरं. सत्तर अक्षरांचं वाक्य पुरं यायला सेकंदाचा सातवा भाग लागतो. म्हणजे पुन्हा ते पोस्टकार्डच. दुसऱ्या तारेवर अक्षर एकही नाही. दर सेकंदाला विजेचा दाब एकदा वर चढतो, एक ठोका पडतो, बस्स. ''मामू, ही तार फक्त 'आत्ता' म्हणते,'' तो म्हणाला.

मला आमच्या मोहल्ल्यातला रमजान आठवला. घरोघरी इफ्तारीच्या वेळांचा छापील तक्ता टांगलेला असतो. त्यात आजची वेळ लिहिलेली असते. पण हातात खजूर घेऊन सगळे थांबतात ते भोंग्यासाठी. भोंगा तारीख सांगत नाही, आकडा सांगत नाही. तक्ता नसेल तर भोंगा कशाचा ते कळणार नाही, आणि भोंगा नसेल तर ते मिनिट उगवलं की नाही यावर घरात वाद. संगणकालाही असंच दोन्ही लागतं. गंमत म्हणजे तिथे ठोका आधी पडतो आणि त्या सेकंदाचं नाव सांगणारं वाक्य बहुधा मागाहून येतं. ते अर्ध्या सेकंदाच्या आत आलं म्हणजे घोटाळा होत नाही.

हा ठोका येतो संगणकाच्या एका पिनवर. जुन्या संगणकांना मागच्या बाजूला नऊ पिनांचं सिरीयल पोर्ट असे. त्यातली पहिली पिन 'मोडेमला पलीकडचा संकेत मिळतो आहे' एवढंच सांगण्यासाठी होती. वेळेच्या मंडळींनी ती ठोक्यासाठी वापरली. संगणकाच्या प्रणालीनं हा ठोका कसा टिपावा याची लेखी पद्धत मार्च 2000मध्ये प्रसिद्ध झाली. ती लिहिणाऱ्यांत मिल्सही होते. आता रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकाच्या चाळीस पिनांपैकी एकीवर हेच करतात. पिनवरचा दाब चढला की प्रोसेसर हातातलं काम टाकून स्वतःच्या घड्याळाचा आकडा लिहून घेतो. त्या धावपळीतही काही मायक्रोसेकंद जातात. म्हणून चांगल्या यंत्रात प्रोसेसरला विचारतच नाहीत. ठोका पडताच आकडा सर्किटच गोठवून ठेवतं.

ठोका आकाशातूनच आला पाहिजे असं नाही. एका संगणकानं पिन उचलायची, शेजारच्यानं ती पाहायची. एवढ्यानं दोघं एका तालात येतात. मात्र सोबत दोघांना जोडणारी ग्राउंडची तार लागते. जुन्या सिरीयल पोर्टचा दाब थेट छोट्या संगणकाच्या 3.3 व्होल्टच्या पिनवर दिला, तर पिन जळते. आणि ठोका चढताना मोजायचा की उतरताना, हे आधी ठरवावं लागतं. ठोका सेकंदाच्या दहाव्या भागाइतका लांब असेल आणि भलती कड धरली, तर घड्याळ तेवढंच मागे राहील, तेही अगदी बिनचूक नेमानं! तारेची लांबीसुद्धा मोजतात; दर मीटरला सुमारे 5 नॅनोसेकंद.

एवढी कंजुषी कशासाठी? आपली वीज सेकंदाला 50 वेळा झोके घेते. दोन दूरच्या शहरांतले झोके एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत, यावरून ग्रिडवरचा ताण कळतो. घड्याळ एक मिलिसेकंद चुकलं तर त्या मापात 18 अंशांची चूक येते. एक मायक्रोसेकंद चुकलं तर अंशाच्या पन्नासाव्या भागाहूनही कमी. नेटवर्कवरची वेळ आणि पिनवरची वेळ यांत हे अंतर आहे. अशी मापं घेणारी यंत्रं आपल्या देशातल्या ग्रिडवरही बसली आहेत.

ठोका मात्र आंधळा असतो. 26 जानेवारी 2016 रोजी अमेरिकेनं जीपीएसचा एक जुना उपग्रह सेवेतून काढला आणि त्या वेळच्या गडबडीत काही उपग्रहांवरून सुमारे 13 मायक्रोसेकंदांची चुकीची दुरुस्ती प्रसारित होत राहिली. संच ती निमूटपणे मानत गेले. ब्रिटनमध्ये बीबीसीच्या डिजिटल रेडिओत व्यत्यय आला. अशा वेळी जवळ रुबिडियमचं किंवा तापमान सांभाळलेलं क्वार्ट्झचं घड्याळ असेल, तर ते हट्टानं आपल्या चालीनं चालत राहतं. आलेला ठोका त्याच्याशी ताडून पाहतात. फरक एकदम वाढला तर ठोका बाजूला ठेवतात आणि आभाळ ताळ्यावर येईपर्यंत त्या घरच्या घड्याळावर काम चालवतात.