घरातलं विमान – लेखांक ९ : बिघडलेलं लॉगबुक

लातूरहून फोन आला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले होते. "काका, उड्डाण संपवलं की गेम अडकायलाय. पुन्हा चालू केला तर लॉगबुकवर क्लिक करताच बंद पडायलाय." बारावीचा मुलगा, नीटच्या तयारीतून चोरलेल्या तासांत विमान उडवतो. मी विचारलं, "मधे लाइट गेली होती का?" पलीकडे जरा शांतता. मग, "हो. नांदेडला उतरलो, एंड फ्लाइट दाबलं अन् तेवढ्यात गेली."

निदान फोनवरच झालं.

त्याच्याकडे मायक्रोसॉफ्टचा फ्लाइट सिम्युलेटर एक्स आहे, ऑक्टोबर २००६चा. आपल्याकडे तो अजून टिकून आहे, कारण २०२०च्या आवृत्तीला दीडशे जीबी जागा आणि दणकट मशीन लागतं. 'एक्स' मात्र जुन्या डेस्कटॉपवरही कसाबसा उडतो. तो घडवणारा एसेस स्टुडिओ जानेवारी २००९मध्ये बंद झाला. २०१४मध्ये त्याची स्टीम आवृत्ती आली, तरी लॉगबुकाची तऱ्हा तीच राहिली. म्हणजे कुणी दुरुस्ती पाठवेल या आशेवर बसण्यात अर्थ नाही.

लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या वहीत, हा गेम नोंद लिहितो ती उड्डाण संपवल्यावर. दोन तास हवेत असाल आणि मधेच मशीन बंद पडलं तर ते दोन तास लॉगबुकात येतच नाहीत, पण जुन्या नोंदींना सहसा धक्काही लागत नाही. खरा धोका आहे तो उतरल्यानंतरच्या त्या क्षण-दोन क्षणांत. फाइल लिहिली जात असताना वीज गेली की ती अर्धवट राहते. कधी तिचा आकार शून्य केबी दिसतो. कधी आकार ठीक दिसतो आणि आत नुसती शून्यं भरलेली असतात. भारनियमनाच्या काळात ज्यांनी संगणक घेतले त्यांना हे वेगळं सांगायला नको. इन्व्हर्टरवरही पुरता भरवसा नाही. साधा इन्व्हर्टर वीज बदलून घ्यायला जो निमिष घेतो, तेवढ्यात संगणक रीस्टार्ट होतो.

एक नोंद अर्धवट राहिली म्हणून आधीच्या तीनशे का अडाव्यात? इथे लातूरच्या आडत बाजाराचं उदाहरण चालेल. आडत दुकानातल्या रोजकीर्दीचं एक पान भिजलं तरी बाकीची वही वाचता येते. एक्स-प्लेन नावाच्या दुसऱ्या सिम्युलेटरचं लॉगबुक असंच आहे. ती साधी मजकुराची फाइल आहे, एका उड्डाणाला एक ओळ. ओळ बिघडली तर नोटपॅडमध्ये उघडून पुसून टाका. 'एक्स'ची फाइल मात्र बायनरी. तिच्यात ओळी नाहीत. कुठली नोंद कुठे संपते हे गेम अक्षरं मोजत ठरवतो, आणि मोजणी एकदा चुकली की पुढचं सगळं त्याला निरर्थक होतं. आणि 'ही नोंद वाचता येत नाही' असं सांगण्याइतका तो गेम सभ्य नाही. तो सरळ बंद पडतो. ही फाइल कुतूहलापोटी नोटपॅडमध्ये उघडलीत तर चिन्हांची खिचडी दिसेल. बघा हवं तर, पण सेव्ह करू नका. बरी असलेली फाइलही त्यानं जाते.

आता उपाय. गेम पूर्ण बंद करा. खिडकी गेली म्हणजे गेम गेला असं नाही, तो बऱ्याचदा मागे रेंगाळतो. टास्क मॅनेजरमध्ये एकदा बघून घ्या. मग डॉक्युमेंट्समध्ये 'फ्लाइट सिम्युलेटर एक्स फाइल्स' नावाचं फोल्डर उघडा. त्यात 'लॉगबुक' नावाची, बिन प्रकारची फाइल असते. नावं अर्थात इंग्रजीत. ती उडवू नका, नुसतं नाव बदला. शेवटी 'जुनं' जोडलं तरी चालेल. पुढच्या वेळी त्या नावाची फाइल सापडली नाही की गेम स्वतःच कोरी वही घालतो आणि सुरळीत चालू लागतो.

मुलानं ते दोन मिनिटांत केलं. गेम उघडला. लॉगबुकही उघडलं. आत शून्य तास. "काका, माझे तीनशे बारा तास होते," तो म्हणाला. आवाज खरंच पडला होता.

या तासांना डीजीसीएच्या लेखी किंमत नाही. खऱ्या व्यावसायिक परवान्याला दोनशे तास लागतात, ते खऱ्या विमानातले. पण माझ्याच लॉगबुकात २७ एप्रिल २०१७ची एक नोंद आहे. उडान योजनेतल्या अगदी पहिल्या विमानांपैकी एक त्या दिवशी नांदेड–हैदराबाद मार्गावर सुटलं. रात्री मी घरी तोच मार्ग उडवला. त्या मार्गावरचं एटीआर विमान माझ्याकडे नव्हतं, म्हणून किंग एअर ३५०. गेम २००६चा, त्यामुळे गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीसाठी २००८मध्ये नव्यानं सजलेला आपला नांदेडचा विमानतळ त्याला ठाऊकच नाही. तरी ती नोंद मला हवी आहे. गेम पुन्हा टाकता येतो, ती नोंद नाही.

आणि तिचा मुक्काम कुठे, तर सी ड्राइव्हवर. संगणक संथ झाला की आपण तो दुकानात नेतो. "डी ड्राइव्हला हात लावू नका" असं बजावतो, कारण फोटो आणि सिनेमे तिथे असतात. दुकानदार बिचारा लावत नाही; सी साफ करतो. डॉक्युमेंट्स सीवरच असतं. माझी २००९पर्यंतची सगळी उड्डाणं अशीच गेली, आणि दुकानदाराला बोल लावायला जागा नव्हती. मीच सांगितलं नव्हतं.

म्हणून मुलाला विचारलं, "मशीन कधी फॉरमॅट केलंस?" दिवाळीनंतर, म्हणाला. "दुकानवाल्यानं काही काढून ठेवलं होतं का?" मग वीस मिनिटं शोधाशोध. डी ड्राइव्हवर न्यू फोल्डर, त्यात आणखी एक न्यू फोल्डर, त्यात लग्नाच्या फोटोंखाली पूर्ण डॉक्युमेंट्स. लॉगबुकासकट.

जुनी फाइल परत ठेवताना गेम बंदच हवा, नाहीतर उड्डाण संपताना तो तिच्यावरच लिहील. कोरी फाइल आधी बाजूला काढा. आणि नावाची गंमत सांभाळा. विंडोज शेवटचं 'डॉट बिन' लपवतं; तुम्ही हातानं पुन्हा लिहिलंत तर ते दोनदा होतं, गेमला फाइल ओळखू येत नाही आणि तो परत शून्यावर.

त्याचे दोनशे चौदा तास उघडले.

प्रत ठेवायची माझी रीत साधी आहे. महिन्यातून एकदा फाइल उचलायची, नावापुढे तारीख घालायची आणि स्वतःलाच ईमेल करायची. मागच्या प्रतीवर नवी प्रत कधीच चढवायची नाही. फाइल कधी बिघडली ते आपल्याला उशिरा कळतं, आणि तोवर बिघडलेलीच प्रत चांगलीवर बसलेली असते. पाडव्याला तर मी व्यापाऱ्यांसारखी वहीच बदलतो. जुनी बांधून ठेवतो, गेमला कोरी देतो. फार फुगलेलं लॉगबुकही उड्डाण संपवताना गेमला अडकवतं, तोही त्रास त्यानं वाचतो.

"मधले अठ्ठ्याण्णव तास?" मुलानं विचारलं.

"ते पुन्हा उडव. लातूर–नांदेड सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटर. सेस्नाला पाऊण तास पुरे."

पावणेबाराला मेसेज आला. नांदेडला उतरलो. बाबांच्या दुकानातला यूपीएस उचलून आणलाय, सकाळी दुकान उघडायच्या आत परत ठेवायचाय.