जुन्या मोटारीची खरेदी आणि विक्रेत्याचे मौन

बैलबाजारात जनावर घेणारा शेतकरी सौदा ठरविण्यापूर्वी बैलाचा जबडा उघडून दात पाहतो. दोन दाती, चार दाती, सहा दाती की जुळलेला, यावरून वयाचा अंदाज येतो. मग तो बैलाला चालवून पाहतो आणि शेवटी मालकाला सरळ विचारतो, "खोड काय आहे?" बैल मारका आहे काय, औताला बसतो काय, हे त्या एका प्रश्नात येते. त्या प्रश्नाला खोटे उत्तर देणाऱ्या व्यापाऱ्यास पुढच्या बाजारी तोंड दाखविणे अवघड होते, कारण विकणारा आणि घेणारा बहुधा एकाच पंचक्रोशीतले असतात. जुन्या मोटारीच्या बाजारात यांपैकी कोणताही आधार नाही. मोटारीला दात नसतात, आणि विक्रेता परगावचा असतो.

ग्रामीण भागात आज मोटार ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. रुग्णाला जिल्ह्याच्या ठिकाणी नेणे, भाजीपाला बाजारात पोहोचविणे, अशा अनेक कारणांसाठी कुटुंबे वाहन घेतात, आणि नवे परवडत नाही म्हणून जुने घेतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतील एखाद्या शिक्षकाचे उदाहरण घेऊ. पत्नीच्या उपचारांसाठी महिन्यातून दोनदा शहरात जावे लागते म्हणून तो भविष्य निर्वाह निधीतून अग्रिम काढतो आणि शहरातील एका विक्रेत्याकडून ३ लाख ८० हजार रुपयांना मोटार घेतो. "एकाच मालकाने वापरलेली, ४६ हजार किलोमीटर चाललेली, अपघात नाही," असे त्याला सांगण्यात येते. पावतीवर मात्र "जशी आहे तशी" एवढेच शब्द असतात. दोन महिन्यांत इंजिन धूर ओकू लागते. कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत गेल्यावर तेथील नोंदवहीवरून कळते की, हीच मोटार दोन वर्षांपूर्वी दुरुस्तीला आली तेव्हाच १ लाख १२ हजार किलोमीटर चाललेली होती. शिक्षक विक्रेत्याकडे जातो. विक्रेता म्हणतो, "आकडा गाडीवर होता तोच आम्ही सांगितला. तुम्ही गाडी पाहूनच घेतलीत ना?"

हे उदाहरण कल्पित आहे. परंतु विक्रेत्याचे उत्तर ओळखीचे वाटेल. हे उत्तर कायद्याच्या कसोटीवर कितपत टिकते, हे समजून घेणे आवश्यक आहे.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकेरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यापूर्वी तीन नियतकालिकांनी तो नाकारला होता. पुढे २००१ मध्ये ज्या तिघांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, त्यांत अकेरलॉफ होते. त्यांचे म्हणणे असे की, मोटारीतील दोष विक्रेत्याला ठाऊक असतो आणि ग्राहकाला नसतो. ग्राहक म्हणून सर्वच मोटारींना बेताची किंमत देऊ करतो, त्या किमतीत चांगली मोटार विकणे मालकाला परवडत नाही, आणि हळूहळू बाजारात सदोष मोटारीच अधिक उरतात. अशा मोटारीला तिकडे 'लिंबू' म्हणतात. आपल्याकडे लिंबू मोटारीच्या पुढे बांधण्याची चाल आहे, त्याचा या लिंबाशी संबंध नाही!

विक्रेता जे जाणतो ते त्याने सांगितलेच पाहिजे काय? भारतीय करार अधिनियम, १८७२ याच्या कलम १७ मध्ये कपटाची व्याख्या आहे, आणि तिच्या स्पष्टीकरणार्थ कायदेकर्त्यांनी घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. एक जण आपला घोडा लिलावात विकतो. घोडा सदोष आहे हे त्याला ठाऊक आहे, पण तो काहीच बोलत नाही. कायद्याच्या दृष्टीने हे कपट नव्हे. मात्र खरेदीदाराने, "तुम्ही नाकारले नाहीत, तर घोडा निर्दोष आहे असे मी समजेन," असे म्हटले आणि त्यावरही विक्रेता गप्प राहिला, तर ते मौन बोलण्यासारखेच मानले जाते. घोडा तोच आणि मौनही तेच. मधे फक्त एक प्रश्न आला, आणि विक्रेत्याची कायदेशीर स्थिती बदलली.

दीडशे वर्षांपूर्वीचा हा दाखला आजच्या मोटारीला तंतोतंत लागू पडतो. ग्राहकाने विचारलेच नाही, तर विक्रेत्याच्या मौनाला संरक्षण मिळू शकते. ग्राहकाने विचारले आणि उत्तर खोटे मिळाले, तर कलम १९ अन्वये करार रद्द करण्याचा हक्क त्याला प्राप्त होतो. म्हणून प्रश्न विचारावयाचे, आणि ते लेखी विचारावयाचे. मोटार किती चालली आहे, आजवर मालक किती झाले, अपघात अथवा पुरात बुडण्याचा प्रसंग आला होता काय, विमा कंपनीने ती कधी पूर्ण हानीची ठरविली होती काय, कर्जाचा बोजा आहे काय, हे प्रश्न एका कागदावर लिहून त्यांखाली विक्रेत्याची उत्तरे, सही व शिक्का घेतला तर पुरेसे आहे. कागद जमत नसेल तर भ्रमणध्वनीवर संदेश पाठवून उत्तर मागवावे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ याच्या कलम ६३ प्रमाणे आवश्यक ते प्रमाणपत्र जोडून असे संदेश पुराव्यात दाखल करता येतात. वर उल्लेखिलेल्या शिक्षकाजवळ विक्रेत्याने पाठविलेली "एक मालक, ४६,००० कि.मी." ही जाहिरात फोनमध्ये शिल्लक असेल, तर त्याची बाजू भक्कम आहे. ती त्याने पुसून टाकली असेल, तर एकाच्या शब्दाविरुद्ध दुसऱ्याचा शब्द एवढेच उरते.

"जशी आहे तशी" या शब्दांचे वजनही पाहिले पाहिजे. वस्तुविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम १६ प्रमाणे, त्या प्रकारच्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडून वर्णनावरून वस्तू घेतली, तर ती विक्रीयोग्य दर्जाची असावी अशी अट गृहीत धरली जाते. ग्राहकाने वस्तू तपासून घेतली असेल, तर त्या तपासणीत दिसायला हवे होते अशा दोषांबाबत मात्र ही अट लागू होत नाही. फुटलेला दिवा किंवा झिजलेले टायर याबद्दल नंतर तक्रार चालत नाही. फिरविलेल्या आकड्याची गोष्ट वेगळी आहे. याच अधिनियमाच्या कलम ६२ मुळे गृहीत अटी करारानेच वगळता येतात, आणि "जशी आहे तशी" या शब्दांचा रोख तिकडेच असतो. परंतु या शब्दांनी जाणूनबुजून केलेल्या खोट्या विधानाला संरक्षण मिळत नाही. पावतीच्या तळाशी छापलेल्या ओळीने ग्राहकाने निराश होण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राचा या विषयाशी जुना संबंध आहे. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये पुण्यात ग्राहक पंचायतीचे कार्य सुरू केले आणि १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. ग्राहक संरक्षणाचा पहिला स्वतंत्र केंद्रीय कायदा त्यानंतर म्हणजे १९८६ मध्ये आला. त्याला २४ डिसेंबर रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली, म्हणून तो दिवस राष्ट्रीय ग्राहक दिन म्हणून पाळण्यात येतो. त्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अंमलात आला. वस्तूच्या दर्जाविषयी खोटे विधान करणे ही या अधिनियमानुसार अनुचित व्यापारी प्रथा होय. जुनी अथवा दुरुस्त केलेली वस्तू नवी म्हणून विकण्याचा तर त्यात नावानिशी उल्लेख आहे.

या कायद्याचा आधार घेण्यापूर्वी दोन गोष्टींची खात्री करावी. पहिली, विकणारा व्यापारी आहे काय? शेजाऱ्याने आपली स्वतःची मोटार विकली तर तो व्यापारी ठरत नाही, आणि तेथे दिवाणी न्यायालयाचाच मार्ग उरतो. म्हणूनच काही विक्रेते पावती स्वतःच्या नावाने न देता "आम्ही केवळ मध्यस्थ" असे सांगतात. पैसे ज्याला दिले त्याच्याच नावाची पावती घेणे, आणि शक्यतो रक्कम बँकेमार्फत देणे, याला त्यामुळे महत्त्व येते. दुसरी गोष्ट वापराची. व्यापारी प्रयोजनासाठी वस्तू घेणारा या कायद्यान्वये ग्राहक नाही. तथापि स्वयंरोजगारातून केवळ आपली उपजीविका चालविण्यासाठी टेंपो अथवा रिक्षा घेणारा ग्राहकच आहे. गावातील पुष्कळ तरुण या दुसऱ्या वर्गात मोडतात.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांमध्ये डिसेंबर २०२२ मध्ये करण्यात आलेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आहे. तीनुसार नोंदणीकृत जुन्या वाहनांचा व्यापार करणाऱ्यास नोंदणी प्राधिकाऱ्याकडून प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ते पाच वर्षांसाठी असते. मालकाने वाहन अशा विक्रेत्याच्या स्वाधीन केले की नमुना २९-ग मध्ये त्याची सूचना द्यावयाची असते, आणि त्यानंतर विक्रेता त्या वाहनाचा मालक मानला जातो. अशा वाहनाच्या फेऱ्यांची नोंद ठेवणेही त्याच्यावर बंधनकारक आहे. ज्याच्याकडे प्राधिकारपत्र नाही आणि जो मूळ मालकाच्या सह्या घेतलेले कोरे नमुने कपाटात ठेवून व्यवहार करतो, त्याच्यापासून दूर राहिलेले बरे.

तपासणीबाबत थोडेसे. नोंदणीचा दिनांक, इंधन, विम्याची मुदत व कर्जाचा बोजा या गोष्टी परिवहन विभागाच्या संगणकीय नोंदीत पाहता येतात. बोजा असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र व नमुना ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. चासी क्रमांक प्रत्यक्ष मोटारीवर पाहून प्रमाणपत्राशी जुळवावा. किलोमीटरचा आकडा सहज फिरविता येतो, म्हणून त्यावर विसंबू नये; अधिकृत कार्यशाळेतील सेवेच्या नोंदी मागवाव्यात. टायरवर कोरलेले चार अंकही बोलके असतात. '३२२१' याचा अर्थ २०२१ सालातील ३२ वा आठवडा. केवळ २० हजार किलोमीटर चाललेल्या मोटारीचे चारही टायर बदललेले असतील, तर कारण विचारावे.

पुरात बुडालेल्या वाहनांविषयी महाराष्ट्रात विशेष सावध राहण्याची गरज आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. अशा प्रत्येक पुरात असंख्य वाहने बुडतात. दुरुस्तीचा खर्च विम्यातील घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर विमा कंपनी ते वाहन पूर्ण हानीचे समजते आणि त्याचा सांगाडा विकला जातो. तो धुऊन, रंगवून पुन्हा बाजारात आणता येतो. पाण्याचा परिणाम विजेच्या तारांवर हळूहळू होतो, म्हणून खरेदीच्या दिवशी सर्व काही ठीक दिसते. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास आतल्या टोकाला गाळाची रेषा सापडू शकते. गालिच्याखालचा पत्रा आणि डिकीतील जादा चाकाचा खळगा पाहण्यासही विसरू नये.

फसवणूक लक्षात आल्यावर मोटार तशीच चालवीत राहू नये. दोष कळूनही वापर चालू ठेवला, तर करार मान्य केला असा अर्थ निघू शकतो. कार्यशाळेचा लेखी अहवाल घ्यावा, विक्रेत्याला पोच मिळेल अशा टपालाने नोटीस द्यावी आणि तीत नेमकी मागणी करावी : पैसे परत, की दुरुस्तीचा खर्च. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीवरही तक्रार नोंदविता येते; पुष्कळदा तेवढ्यानेच विक्रेता बोलणी करू लागतो. तसे न झाल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जावे. वस्तूसाठी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार तेथे चालते, आणि ५ लाखांपर्यंत शुल्क मुळीच नाही. शिक्षकाच्या प्रकरणात म्हणजे एक रुपयाही भरावा लागणार नाही. वकील सक्तीचा नाही. सर्वांत उपयुक्त तरतूद अशी की, तक्रारदार जेथे राहतो वा नोकरी करतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. विक्रेत्याच्या शहरी खेटे घालावे लागत नाहीत. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. आयोग किंमत व्याजासह परत करण्याचा, तसेच नुकसानभरपाईचा आदेश देऊ शकतो. सुनावणी तीन महिन्यांत, आणि वस्तूची प्रयोगशाळेत तपासणी करावी लागल्यास पाच महिन्यांत संपावी, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात अधिक काळ लागण्याची तयारी ठेवावी.

विक्रेत्याने आकडा स्वतः फिरविला अथवा बनावट कागदपत्रे दिली असा पुरावा असेल, तर भारतीय न्याय संहिता, २०२३ याच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची फिर्यादही देता येते. तथापि केवळ पैसे वसूल करण्यासाठी पोलीस ठाण्यात जाण्याने सहसा वेळच जातो.

शिक्षकाची मोटार परत जावो वा त्याच्याकडे राहो, हस्तांतरणाची नोंद हा प्रश्न राहतोच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५० अन्वये, राज्यातल्या राज्यात वाहन विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवावयाचे असते. हे काम "एजंट करील" म्हणून सोडून देण्यात येते आणि वर्षानुवर्षे राहून जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयाप्रमाणे, वाहन अनेक हात बदलून गेले असले तरी नोंदणी ज्याच्या नावावर आहे तोच अपघाताच्या भरपाईच्या दृष्टीने मालक ठरतो. ज्याने ही मोटार त्या विक्रेत्याकडे आणून दिली, तो मूळ मालकही म्हणून निश्चिंत नाही. नमुना २९-ग ची पोच त्याच्याजवळ असेल तर ती त्याने जपून ठेवावी. नसेल तर उद्याच परिवहन कार्यालयात जाऊन आपल्या जुन्या मोटारीची नोंद कोणाच्या नावावर आहे ते पाहावे.