काळ्या कातळातील गोड्या पाण्याचे शंख

विदर्भात विहीर खणताना अथवा सडकेसाठी टेकडी फोडताना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये कधीकधी हात-दोन हात जाडीचा पांढुरका पट्टा लागतो, आणि त्यातला गारेसारखा कठीण तुकडा फोडला असता आत लहानमोठे शंख दाटीने बसलेले आढळतात. शंख दिसताच येथे पूर्वी समुद्र असला पाहिजे, असा निष्कर्ष बहुतेक जण तत्काळ काढतात. परंतु या शंखांपुरता तरी तो खरा नाही.

या थरांच्या आद्य अभ्यासकांत स्टीफन हिस्लॉप यांचे नाव अग्रगण्य होय. धर्मप्रसारार्थ नागपुरास आलेल्या या स्कॉटिश पाद्र्यांनी, रॉबर्ट हंटर या सहकाऱ्यासह, मौजे टाकळी व सीताबर्डीची टेकडी येथील खडक न्याहाळून त्यांतील अवशेषांचे वर्णन १८५५ साली लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. पुढे १८६३ मध्ये, पुराने फुगलेला ओढा ओलांडताना, त्यांचा अंत झाला. अन्यथा या मुलखाच्या भूशास्त्राचे दप्तर कितीतरी समृद्ध झाले असते, अशी हळहळ वाटल्यावाचून राहत नाही.

या शंखांत सर्वांत परिचित तो फायसा. टोक वर आणि तोंड आपल्याकडे करून तो धरला, तर त्याचे मुख डाव्या हाताला येते. बहुसंख्य गोगलगायींत ते उजवीकडे असते. फायसाचे आजचे भाऊबंद तळी, डबकी व संथ ओढे यांत राहतात, आणि त्याच थरांत लिम्निया ही गोगलगाय व कारा-कुळातील पाणवनस्पती यांचेही अवशेष मिळतात. म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी, लाव्ह्याचा एक लोट निवल्यावर, त्याच्या खोलगटांत पावसाचे पाणी साठून तळी झाली, त्यांत जीवांच्या कित्येक पिढ्या नांदल्या, आणि मग पुढच्या लोटाने ती तळी गाळासकट झाकून टाकली. दख्खनचे पठार एका दमात घडले नाही, याचा इतका बोलका पुरावा दुसरा क्वचितच असेल.

समुद्राच्या खुणा हव्या असतील तर धार जिल्ह्यातील बाघच्या चुनखडीकडे, अथवा गोदावरीकाठी राजमहेंद्रीजवळच्या थरांकडे वळावे. तेथे खाऱ्या पाण्यातील कालवे खरोखरच आहेत.

वाचकांना विनंती इतकीच की, विहिरीच्या अथवा खाणीच्या ढिगाऱ्यात असा शंख दिसला, तर तो उचलण्यापूर्वी गाव, जागा आणि खालचा-वरचा थर टिपून ठेवावा व जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्र विभागास कळवावे. ठिकाणाची नोंद नसलेल्या शंखाचा अभ्यासकाला फारसा उपयोग होत नाही.