आयरिश कादंबरी वाचायची आहे? या तीन वाचाच!

आज इंग्रजीत सगळ्यात कसदार कादंबरी कुठे लिहिली जाते, असं कुणी विचारलं तर माझं उत्तर ठरलेलं आहे: आयर्लंड. जेमतेम सत्तर लाख वस्तीचं हे बेट, पण २०१८ आणि २०२३ अशी दोन बुकर पारितोषिकं तिथल्या लेखकांना मिळाली.

१) स्मॉल थिंग्ज लाइक दीज (क्लेअर कीगन, २०२१): १९८५ चा नाताळ, न्यू रॉस गाव. कोळशाचा व्यापारी बिल फर्लाँग मठात माल पोचवायला जातो, तर कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक मुलगी सापडते. नन चालवत असलेल्या ‘मॅग्डलिन’ धुलाईगृहांत मुलींना असंच डांबून राबवलं जाई. शेवटचं धुलाईगृह १९९६ मध्ये बंद झालं, सरकारने माफी मागितली २०१३ मध्ये. जेमतेम सव्वाशे पानांत कीगन सगळ्या गावाचं मौन उघडं पाडते.

२) मिल्कमन (अ‍ॅना बर्न्स): १९७० च्या दशकातलं उत्तर आयर्लंड. चालता चालता पुस्तक वाचणाऱ्या अठरा वर्षांच्या मुलीमागे एक हत्यारबंद संघटनेचा माणूस लागतो आणि गाव तिलाच नावं ठेवतं. पात्रांना नावं नाहीत. दहशत त्यातूनच जाणवते.

३) प्रॉफेट साँग (पॉल लिंच): डब्लिनमध्ये हुकूमशाही येते, चार मुलांची आई घर सावरत राहते. परिच्छेद न पाडलेला मजकूर वाचताना दम लागतो, आणि तो लागायलाच हवा.

माझ्या मते तिन्हींत कीगन सरस. सुरुवात तिच्यापासून करा, आणि तुमची आवडती आयरिश कादंबरी कमेंटमध्ये नक्की सांगा.