रक्तातली भावकी

मी जिंतूर तालुक्यातल्या बोरीहून बोलतेय. बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते, तेव्हा आवाज ओळखीचा असेलच.

मागं एका गटाच्या बैठकीत हप्त्याचा हिशोब बाजूलाच राहिला. एका सासूबाईंनी सगळ्यांसमोर सुनेची तक्रार मांडली. "सातवा महिना लागला, रक्त आठच्या वर जाईना. गोळ्या आणून देतोत, ही फेकून देत असंल." सून खाली मान घालून बसलेली. नंतर तिच्या घरी गेले, तर तिनं गोळ्यांची रिकामी पाकिटं डब्यात जपून ठेवली होती. पुढं तिच्या रक्ताची वेगळी तपासणी झाली आणि कळलं, की ती थॅलेसेमियाची वाहक आहे. गोळ्या ती खातच होती.

मी बी. ए. झालेली, विज्ञान काही माझा विषय नाही. पण त्या पाकिटांमुळं मला हे समजून घ्यावं लागलं.

रक्त लाल दिसतं ते हिमोग्लोबिनमुळं. श्वासातला प्राणवायू अंगभर पोचवायचं काम त्याचं. त्यात लोह असतं, हे आपल्याला पाठ आहे. पण लोह बसायला प्रथिनाची चौकट लागते. दोन अल्फा साखळ्या आणि दोन बीटा साखळ्या मिळून ती होते. कडी-कोयंडे कितीही आणले, पण सुताराकडून चौकटीच कमी आल्या तर दारं वाढतील का? तसंच हे.

साखळी कशी करायची याचा नमुना शरीरात असतो, त्याला जनुक म्हणतात. आपल्या शिवणकामाच्या गटात मापाचा कागद असतो ना, तसा. आईकडून एक प्रत येते, बापाकडून एक. बीटाचा हा नमुना एकटा राहत नाही. त्याच्या शेजारी त्याची भावकी आहे: एप्सिलॉन, दोन गॅमा, डेल्टा, मग बीटा. मधे एक पडकं घरही आहे. म्हणजे कधीकाळचा नमुना, आता बंद पडलेला.

भावकी झाली कशी? एका ब्लाऊजचा कागद चुकून दोनदा कापला गेला समजा. एका कागदावर रोजचं काम चालू राहतं. दुसरा मोकळा असतो, त्यात गळा बदलून पाहता येतो, बाही बदलता येते. जमलं तर नवा नमुना मिळतो, बिघडला तर कोपऱ्यात पडतो. पिढी बदलताना शरीरात नमुन्यांची नक्कल होते, तेव्हा कधीतरी अशीच दुहेरी प्रत निघते. अल्फा आणि बीटा हे मुळात एकच होते, ते सुमारे 45 ते 50 कोटी वर्षांपूर्वी वेगळे झाले. तेव्हा माणूस नव्हता, गायही नव्हती. पाण्यात मासे होते.

आता गोठ्यात या. पोटातल्या करडाला प्राणवायू शेळीच्या रक्तातून ओढून घ्यावा लागतो. त्यासाठी त्याचं हिमोग्लोबिन आईपेक्षा जास्त ओढीचं लागतं. आपल्या बाळाचंही तसंच. पण गंमत अशी, की दोघांनी ही सोय वेगवेगळ्या भावाकडून करून घेतली. माकडांच्या आणि माणसांच्या वंशात गॅमाची दुहेरी प्रत झाली आणि गॅमा पोटातल्या बाळाच्या कामाला लागला. शेळीच्या वंशात बीटाच्याच जास्तीच्या प्रती झाल्या. त्यातली एक पोटातल्या करडासाठी, एक जन्मल्यानंतरच्या दिवसांसाठी, एक मोठेपणासाठी. शेळीचं रक्त फार गेलं, तर ती लहानपणचा नमुना पुन्हा काढते! उंदरात तर पोटातल्या पिल्लासाठी असा वेगळा नमुनाच नाही.

आपल्याकडे जन्मल्यावर गॅमा हळूहळू मागं सरतो आणि वर्षाच्या आत बीटा कारभार हाती घेतो. म्हणूनच आईबापाकडून बीटाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या आल्या, तरी बाळ जन्मतः टुणटुणीत असतं. काही महिन्यांनी गॅमा मागं सरला, की दुखणं उघडं पडतं. बीटा फारच कमी तयार होत असेल तर थॅलेसेमिया. बीटात ठरावीक ठिकाणी एकच अक्षर बदललं असेल तर सिकलसेल. त्यात लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, अडकतात, आणि लेकरू हातपाय दुखतात म्हणून रडतं. अशा वेळी बाहेरची बाधा, पायगुण असली खापरं बाईच्या डोक्यावर फोडू नका.

सिकलसेल शेजारच्या विदर्भात आहे, नंदुरबारकडे सातपुड्यातही आहे. पुण्याच्या डॉ. सुदाम काटे यांनी आदिवासी भागात या आजारावर कित्येक वर्षं काम केलं, त्यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. आपल्या लेकी-सुना कुठून कुठं जातात-येतात, तेव्हा हा आजार लांबचा समजू नका.

आणि तो मागं सरलेला गॅमा? काही रुग्णांत तो मोठेपणीही थोडा चालू राहतो, त्यांचा त्रास बऱ्याचदा कमी असतो. सिकलसेलवर हायड्रॉक्सीयुरिया नावाचं औषध देतात, ते गॅमाचंच काम वाढवतं. 2023 च्या शेवटी इंग्लंड-अमेरिकेत एका नव्या उपचाराला मान्यता मिळाली. त्यात रुग्णाच्याच पेशी काढून, गॅमाला दाबून ठेवणारी कळ बंद करून परत देतात. तो अतोनात महाग आहे, आपल्या हाताला लागणारा नाही. त्याच वर्षी 1 जुलैला आपल्या देशात सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, ते मात्र आपल्या कामाचं.

आता नीट ऐका. लोहाच्या गोळ्या मनानं बंद करू नका. बहुतेक जणींना लोहच कमी पडतं. पण गोळ्या नेमानं खाऊनही रक्त वाढत नसेल, तर डॉक्टरांना विचारा, "हिमोग्लोबिनचा प्रकार बघायची तपासणी करायची का?" इलेक्ट्रोफोरेसिस हा शब्द कागदावर लिहून न्या. वाहक म्हणजे रोगी नव्हे, एक प्रत चांगली असते. दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता बाळाला आजार होण्याची. म्हणून बायको वाहक निघाली, की नवऱ्याचं रक्त तपासायलाच हवं, आणि तेही लवकर.

त्या सुनेच्या घरी हेच अडलं होतं. "माझ्या पोराचं रक्त कशाला?" असं सासूबाई म्हणत होत्या. मी दोनदा गेले. तिसऱ्यांदा गेले तेव्हा सासूबाई स्वतःच पोराला घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या.